नव्वदचा वेग

बाउदिलिओ स्वतः गाडी चालवत कोमोदोरो शहरात आला होता. कंबरेचं दुखणं दाखवायचं, गोळ्या घ्यायच्या आणि आठवड्याभरात आपल्या गावी, कामारोनेसला परत जायचं, असा त्याचा बेत होता. गाडी त्याने चुलतबहीण इसोलिनाच्या अंगणात लावली, किल्ली खिशात टाकली आणि बायकोला फोन करून सांगितलं की वाऱ्याने खुराड्याचा पत्रा उडेल, त्यावर दगड ठेव. मग हिवाळा आला आणि गेला. दुखणं कंबरेचं नव्हतंच. ते हाडांत पसरलं होतं, आणि वसंत लागेपर्यंत दुखणं बोथट करणाऱ्या थेंबांखेरीज डॉक्टरांकडे देण्यासारखं काही उरलं नव्हतं.

त्याची बायको देल्मिरा बसने मागोमाग आली होती. गावच्या शाळेत ती स्वयंपाकीण. रजा टाकून इसोलिनाकडे राहिली आणि रोज दोन वेळा टेकडी चढून इस्पितळात जाऊ लागली.

एके दिवशी बाउदिलिओ म्हणाला, त्याला घरी जायचंय. घरी म्हणजे काय करायला, हे त्याने सांगितलं नाही आणि तिनेही विचारलं नाही. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, मनाने मऊ होत्या. त्या म्हणाल्या, नेता येईल, पण अॅम्ब्युलन्स एकच आहे आणि ती अपघातांना पुरत नाही. वाट पाहावी लागेल. मुलगा एदगार्दो कोळंबीच्या बोटीवर भर समुद्रात होता, बोट बंदराला लागल्याशिवाय तो येऊ शकत नव्हता. इसोलिनाच्या शेजारी फेर्मिन नावाचा माणूस राहायचा. तेलविहिरींवर अवजड ट्रक चालवण्यात त्याचं आयुष्य गेलेलं. तो आपणहून म्हणाला, मी नेऊन पोचवतो, त्यात काय.

बाउदिलिओने मान हलवली. "देल्मिरा चालवेल."

देल्मिराला वाटलं, थेंब डोक्यात चढले. तिच्याकडे लायसन्स होतं, पण घर ते शाळा आणि शाळा ते बेकरी एवढीच तिची धाव. चौथा गिअर तिने कधी टाकलेला नव्हता. तीन नंबरच्या हमरस्त्यावर ती जन्मभर शेजारच्या सीटवर बसत आली होती, दारावरचं हँडल मुठीत धरून. समोरून ट्रक आला की ती डोळे मिटायची, आणि बाउदिलिओ तिला चिडवायचा की तू डोळे मिटल्याने ट्रक लहान होत नाही.

"मी? त्या रणगाड्याला घेऊन?" ती म्हणाली.

"रणगाडा नाही तो. म्हातारा माणूस आहे. त्याच्या कलाने घेतलं की कुणालाही पोचवतो."

गाडी एदगार्दोच्याच वयाची होती. उंच, चौकोनी, एके काळी पांढरी. समुद्रकिनाऱ्याच्या दगडगोट्यांतून शेवाळाची पोती ओढून आणायला ती घेतलेली. बाउदिलिओचा धंदाच तो. ओहोटीला किनाऱ्यावर पडलेलं शेवाळ गोळा करायचं, वाळवायचं आणि विकायचं. खडकाळ वाटेवर ती बकरीसारखी चढायची. डांबरी रस्त्यावर वेग घेतला की मात्र तिला सांभाळून घ्यावं लागे. अंग उंच, स्प्रिंगचे पाटे ताठ, आणि वारा लागला की सगळी कूस त्याला देणार. बाउदिलिओला तिच्या साऱ्या खोडी ठाऊक होत्या. दुसऱ्या कुणाला त्या सांगायची वेळ आजवर आली नव्हती.

आता त्याने खाटेवरून सांगायला सुरुवात केली. देल्मिरा सकाळी गाडी घेऊन गॅरेजात जायची, फेर्मिन सोबत असायचा, आणि संध्याकाळी काळ्या नखांनी खाटेपाशी येऊन बसायची. पंक्चरवाल्याने टायर दाखवले होते: नक्षी शाबूत, पण बगलेला बारीक भेगा. चारही गेले, स्टेपनीही गेली. नव्या चाकांचं बॅलन्सिंग झालं. स्टीअरिंगचा एक सांधा झिजला होता, त्यामुळे चाक दोन बोटं रिकामंच फिरायचं, तो बदलला. शॉक अब्सॉर्बर बदलले. टपावरचं कॅरियर उतरवायला देल्मिरा तयार नव्हती, कारण ते बाउदिलिओने स्वतःच्या हाताने वेल्डिंग करून बसवलेलं. तो म्हणाला, उतरव, वारा त्यालाच धरून गाडीला ओढतो. तिने उतरवलं आणि इसोलिनाच्या भिंतीला टेकून ठेवलं.

हवेवरून त्यांचं भांडण झालं. देल्मिराचं म्हणणं, टायरमध्ये हवा कमी ठेवू, म्हणजे रस्त्याचे दणके त्याच्या पाठीला बसणार नाहीत.

"मऊ टायर वेगात तापतो," बाउदिलिओ म्हणाला. "वाऱ्यात गाडी दारुड्यासारखी चालते. हवा पुरती भर."

"आणि तुझी हाडं?"

"हाडांचं मी बघतो. तू मागे वाळूची पोती टाक. सपाट, खाली, मागच्या चाकांच्या वर. आणि दोराने करकचून बांध. रिकाम्या पोटी ती उड्या मारते. दोन घास पडले की शांत होते."

तसंच झालं. पोती टाकल्यावर गाडी खरोखरच खड्ड्यावरून हळूच बसून उठू लागली. देल्मिराने हे येऊन सांगितलं तेव्हा तो इतका खूश झाला की नर्सबाईलाही त्याने तेच पुन्हा ऐकवलं. त्या दिवसांत नवराबायकोचं बोलणं एवढंच होतं. पाटे, ब्रेक, हवा. मरण खोलीत तिसऱ्या माणसासारखं बसलेलं असायचं आणि दोघं त्याच्या डोक्यावरून एकमेकांशी गाडीबद्दल बोलायची.

मग रस्त्यावरचा सराव सुरू झाला. फेर्मिन शेजारी बसायचा, गप्प राहायचा, फक्त कधीकधी ब्रेक नसलेल्या बाजूला पाय दाबायचा. पहिल्या दिवशी साठ. नंतर सत्तर. संध्याकाळी बाउदिलिओची उलटतपासणी.

"हात कसे होते?"

"स्टीअरिंगवर होते."

"ते समजलं. दाखव."

तिने हवेत हात धरून दाखवले. सांधे पांढरे पडलेल्या दोन मुठी. त्याने त्या आपल्या हातांत घेतल्या आणि एकेक बोट सैल केलं. त्याच्या हातांत आता जोर राहिला नव्हता, म्हणून तिनेच बोटं सोडली.

"आवळायचं नसतं, अगं काळे," तो लाडाने म्हणाला. "नुसतं हाताशी ठेवायचं. आणि नजर?"

"पुढे."

"किती पुढे? बॉनेटवर बघत असशील. लांब बघ. जिथे बघशील तिथे गाडी जाते."

वेगाचाही त्याने निकाल लावून दिला. नव्वद. त्याच्या वर गाडी ऐकत नाही, ब्रेक लावला तर ती थांबेपर्यंत अर्धं गाव येऊन जातं. त्याच्या फार खाली राहिलं तर मागचे ट्रक अंगावर येतात आणि नको तिथे ओव्हरटेक करतात. नव्वदला इंजिनही गुणगुणतं, ओरडत नाही. ज्या दिवशी तिने पहिल्यांदा काटा नव्वदवर आणून तिथे ठेवला, त्या दिवशी फेर्मिनने खिशातून हात काढून माते, म्हणजे नळीने प्यायचा कडू चहा, ओतलं आणि नळी तिच्या तोंडापाशी धरली. ती म्हणाली, आत्ता नको, मी चालवतेय. तो म्हणाला, आता तुम्ही तयार झालात.

निघायची सकाळ उजाडली. डॉक्टरीणबाईंनी थेंबांची मात्रा समजावून सांगितली: एक आता, एक वाटेत, आणि फारच असह्य झालं तर आणखी एक. पुढची सीट थोडी मागे कलवून तिच्यावर मेंढीचं कातडं घातलं होतं. सीटचा पट्टा जिथे खांद्यावर आणि ओटीपोटावर येणार तिथे इसोलिनाने लोकरीच्या गाद्या शिवल्या होत्या. मागे आडवं झोपवू, असं देल्मिरा म्हणाली होती. त्यावर बाउदिलिओने स्पष्ट सांगितलं होतं की पट्ट्याशिवाय तो जाणार नाही, आणि तिनेही त्याला तसं नेऊ नये. वॉर्डबॉयनी त्याला उचलून बसवलं तेव्हा त्याचं वजन पाहून त्यांनी एकमेकांकडे बघितलं. इसोलिना रडत होती. बाउदिलिओ तिला म्हणाला, कॅरियर फेकू नकोस, त्यावर वेल चढव.

शहर मागे पडलं, रस्ता समुद्र सोडून पठारावर चढला आणि वारा भेटला. वसंतातला पश्चिमेचा वारा. तो डावीकडून येत होता आणि गाडीला सारखा उजवीकडे लोटत होता. देल्मिरा स्टीअरिंग किंचित डावीकडे धरून चालली. बाउदिलिओ डोळे मिटून होता, पण दर थोड्या वेळाने काहीतरी बोलायचा. पाचवा टाक. आरसा बघ. खांदे खाली. रस्त्याकडेच्या एका छोट्या लाल देवळीपाशी तो म्हणाला, हॉर्न दे, इथून जाणारा प्रत्येक जण देतो, आणि तिने दिला.

पहिला ट्रक समोरून आला तेव्हा त्याने डोळे उघडले.

"आता ऐक. तो आपल्याशेजारी आला की वारा एकदम तुटेल. तू डावीकडे ओढून धरलंयस, तर गाडी त्याच्याकडे झेपावेल. त्याचं तोंड जवळ आलं की हात सोडून सरळ कर. तो गेला की वारा थप्पड मारेल. तेव्हा पुन्हा धर. घाबरून झटका देऊ नकोस."

ट्रक वाढत वाढत आला. तिचे डोळे मिटायला लागले होते. ते तिने उघडे ठेवले, लांब पाहिलं, हात सैल सोडले. क्षणभर सगळं शांत झालं, मग वाऱ्याने गाडीला धक्का दिला आणि तिने तो अंगावर घेतला. गाडी रस्त्याच्या आपल्या बाजूलाच होती.

"हं," बाउदिलिओ म्हणाला. एवढंच.

पुढचे दोन-तीन ट्रक त्याने सांगून पार पाडले. त्यानंतरच्या ट्रकला तो काही बोलला नाही. तिला वाटलं झोप लागली. तिने चोरून पाहिलं तर तो जागा होता आणि तिच्या हातांकडे बघत होता.

वाटेतलं मालास्पिना गाव मागे पडलं होतं. रस्ता सरळ, दोन्ही बाजूंना काटेरी झुडपांचं माळरान आणि तारेची कुंपणं. उजवीकडच्या कुंपणाशी ग्वानाकोंचा कळप उभा होता, त्या उंटासारख्या लांब मानांच्या हरिणांगत जनावरांचा. तिने वेग कमी केला, तसं त्याने शिकवलं होतं. कळप हलला नाही. आणि मग त्यातलं एक पिल्लू तारेवरून उडी मारून थेट रस्त्यात आलं, आणि तिथेच उभं राहिलं.

हातांनी स्टीअरिंग फिरवायचंच ठरवलं होतं. तिला नंतरही आठवायचं की हात वळू लागले होते. पण खाटेपाशी त्याने तिच्याकडून शपथेसारखं वदवून घेतलं होतं: जनावर आलं तर ब्रेक, स्टीअरिंग नाही, उंच गाडी वळवली की ती लोळते. तिने चाक सरळ धरलं आणि पाय सर्व ताकदीनिशी दाबला. टायर किंचाळले. वाळूची पोती दोरात करकरली. पट्ट्याने बाउदिलिओला सीटला जखडून धरलं, आणि त्याच्या तोंडून असा आवाज निघाला की तो माणसाचा आहे हे तिला कळायला वेळ लागला. पिल्लू उड्या मारत निघून गेलं.

तिने गाडी कडेच्या खडीवर घेतली, धोक्याचे दिवे लावले. त्याचे ओठ पांढरे झाले होते. कपाळावरून घाम वाहत होता आणि श्वास दातांमधून येत होता. तिने बाटली काढली, पहिला थेंब त्याच्या हनुवटीवर पडला.

"मी तुला दुखवलं," ती म्हणाली.

त्याने हाताने हनुवटी पुसली. "बरोबर केलंस."

"दुखवलं मी तुला."

"बरोबर केलंस म्हणतोय ना. चल आता. इथे थांबणं धोक्याचं आहे."

पुढच्या गावी, गारायाल्देला, पेट्रोल पंप आहे आणि एक खानावळ. देल्मिराने गाडी इमारतीच्या आडोशाला लावली, आतून गरम पाणी आणि तळलेल्या पोळ्या आणल्या. बाउदिलिओला खायचं नव्हतं. माते त्याने एक घोट घेतलं आणि नळी परत केली. दुसऱ्या मात्रेने त्याचा चेहरा थोडा सैल झाला होता. ती मात्र आतून पेटली होती. भीती उतरली की राग चढतो, तसं झालं होतं.

"फेर्मिन चालवायला तयार होता," ती म्हणाली. "जन्मभर ट्रक चालवलेत त्याने. त्याने जनावर आधीच ओळखलं असतं. तुला एवढा दणका बसला नसता. तुला आराम मिळाला असता."

"मला मिळाला असता."

"मग?"

"मला आराम मिळाला असता, तुला काय मिळालं असतं?" तो समोरच्या काचेतून बघत होता. "आपल्या घरापासून हमरस्ता किती लांब. दवाखाना त्याच्याही पुढे. मी नसलो की तू कोणाकोणाला हात जोडणार? एदगार्दो सदा समुद्रात. तुला गाडी येते हे मला बघायचं होतं. सांगून तू शिकली नसतीस. जन्मभर सांगितलं, शिकलीस?"

इतके दिवस दोघं ज्याच्या डोक्यावरून बोलत आली होती, त्याचं नाव त्याने असं सहज घेतलं होतं. मी नसलो की. तिने पोळीचा तुकडा मोडला आणि तो चावत राहिली.

"शिकायचंच नव्हतं मला," शेवटी ती म्हणाली. "मला शेजारी बसायचं होतं."

त्याने हात पुढे केला, पण पट्ट्यामुळे तो तिच्यापर्यंत पोचला नाही. तीच पुढे वाकली आणि तो हात गालाला लावून बसली. खानावळीतून कुणीतरी बाहेर आलं, त्यांच्याकडे बघितलं आणि परत आत गेलं.

तिथून थोडं पुढे हमरस्ता सोडून कामारोनेसचा रस्ता उजवीकडे फुटतो. वळण घेतलं आणि वारा पाठीवर आला. गाडीतला सगळा आवाज विझला. आता चालवणं इतकं सोपं होतं की तिला त्याची भीती वाटू लागली. बाउदिलिओ काही सांगत नव्हता. पाचवा टाक नाही, आरसा बघ नाही. सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. तिला ते सहन होईना. तिने मुद्दाम गाडी चौथ्यावर ठेवली आणि इंजिनला ओरडू दिलं. ही एक गोष्ट त्याला कधीच खपायची नाही.

इंजिन ओरडत राहिलं. मग डोळे न उघडता बाउदिलिओ म्हणाला, "टाक पाचवा, अगं काळे. आहे मी अजून."

तिने पाचवा टाकला.

घरी त्याची खाट खिडकीपाशी लावली. तिथून खाडी दिसायची आणि ओहोटीला उघडे पडणारे खडक. शेवाळवाले मित्र येऊन बसायचे, दारातच टोप्या काढायचे आणि भरतीच्या वेळांबद्दल बोलायचे. शेजारची रेमेदिओस सूप घेऊन यायची. देल्मिराला वाटू लागलं होतं की घरच्या हवेने त्याला थोडं बरं वाटतंय. एखाद्या सकाळी तो अंडं मागायचा.

मग एदगार्दोचा फोन आला. बोट बंदराला लागली होती आणि तो बसने निघाला होता. पण बस हमरस्त्यानेच जाते, गावात येत नाही. त्याला फाट्यावर उतरावं लागणार होतं आणि तिथून कुणीतरी आणायला जायला हवं होतं. रेमेदिओस म्हणाली, गावातल्या कुणाला तरी पाठवू. बाउदिलिओ देल्मिराकडे बघत म्हणाला, "तू जा."

"तुला सोडून नाही जाणार."

"रेमेदिओस आहे इथे. तू जा. पोराला बघू दे."

ती गेली. जाताना वारा समोरून होता, गाडीला धाप लागत होती, पण तिने घाई केली नाही. बस वेळेवर आली. एदगार्दो उतरला, दाढी वाढलेली, कपड्यांना अजून माशांचा वास. आईला मिठी मारून तो सवयीने स्टीअरिंगच्या दाराकडे गेला.

"तिकडून बस," ती म्हणाली.

परतीला वारा पाठीशी होता. एदगार्दो पहिले काही किलोमीटर ताठ बसला होता, एक हात दारावरच्या हँडलवर. मग त्याने हात काढला. तो बोटीबद्दल बोलू लागला, मग वडिलांबद्दल विचारू लागला, मग म्हणाला, "तू बाबांसारखीच चालवतेस. खांदेसुद्धा तसेच." ती हसली. कितीतरी महिन्यांनी तिला हसू आलं होतं. ऊन स्वच्छ पडलं होतं, काटा नव्वदवर होता, मुलगा शेजारी होता, आणि तिने मनाशी घोळवलं की गेल्या गेल्या बाउदिलिओला सांगायचं, पोराने हँडल सोडलं म्हणून.

रेमेदिओस फाटकात उभी होती. हात एप्रनमध्ये गुंडाळलेले. देल्मिराने इंजिन बंद केलं आणि किल्ली तशीच धरून बसून राहिली. एदगार्दो दार उघडून धावत आत गेला.

रेमेदिओसने तिला पुढे पुन्हा पुन्हा सांगितलं: त्रास झाला नाही, त्याने किती वाजले विचारलं, म्हणाला आता ती वळणाला आली असेल, आणि मग डोळे मिटले. रेमेदिओसला वाटायचं, हे ऐकून तिला बरं वाटेल. देल्मिराला बरं वाटलं नाही. तिला राग आला होता, आणि तो राग कुणाला सांगता येत नव्हता. त्याने तिला शिकवलं आणि मग शिकवलेल्यावरच बसवून दूर पाठवलं. तिला गाडी येत नसती तर ती तिथेच असती, खाटेपाशी, त्याचा हात हातात घेऊन. त्याला हे ठाऊक होतं की नव्हतं, हे विचारायलाही आता कुणी नव्हतं.

गावाने त्याला टेकडीवरच्या दफनभूमीत ठेवलं. वाऱ्याने फुलं टिकेनात म्हणून एदगार्दोने त्यांवर किनाऱ्याचे गोटे रचले. लोक आले तेव्हा तिने माते केलं, पोळ्या तळल्या, कप धुतले. ती रडली नाही. गावातल्या बायका म्हणाल्या, देल्मिराबाई खंबीर आहे. तिला स्वतःलाही त्याचं नवल वाटत होतं.

एदगार्दोची रजा संपली. बोट पुन्हा निघणार होती. आईला एकटं सोडून जायचं त्याच्या जिवावर आलं होतं. तो म्हणाला, गाडी विकून टाक आणि माझ्याजवळ बंदरावर खोली घे. ती म्हणाली, बघू. तिने त्याला फाट्यावर नेलं. बस येईपर्यंत दोघं गाडीतच बसली. तो उतरताना म्हणाला, आई, हळू जा. मग त्याला स्वतःलाच हसू आलं आणि ते हसू अर्ध्यातच मोडलं.

बस गेली. तिने गाडी वळवली, वारा पाठीवर आला आणि शेजारची सीट रिकामी होती. मेंढीचं कातडं अजून तिथेच होतं, त्यावर खोलगट खळगा पडलेला. ती चालवत राहिली. साठ, सत्तर, नव्वद. रस्ता सरळ होता. आणि अचानक तो धूसर झाला. तिला वाटलं काच खराब झाली, तिने पाणी मारून वायपर चालवला, तरी रस्ता धूसरच. तेव्हा तिला कळलं.

तिने आरशात पाहिलं. उजवा इंडिकेटर दिला. ब्रेकवर पाय हळूहळू टेकवत गाडी खडीवर घेतली, ती पूर्ण थांबू दिली, हँडब्रेक ओढला, धोक्याचे दिवे लावले. हे सारं नीट करून मग तिने कपाळ स्टीअरिंगला टेकलं आणि ती रडू लागली. मोठ्याने, तोंड उघडून, जनावरासारखी. त्याला नावं ठेवत रडली. का पाठवलंस मला, का पाठवलंस. दूर कुंपणापलीकडे मेंढ्या चरत होत्या, त्यांनी माना वर केल्या आणि पुन्हा खाली घातल्या.

किती वेळ गेला कोण जाणे. काचेवर टकटक झाली. लोकरीचे गठ्ठे नेणारा एक ट्रक मागे थांबला होता आणि त्याचा ड्रायव्हर, एक पोक्त माणूस, टोपी हाताने दाबून उभा होता.

"बाई, काय झालं? गाडी बंद पडली का?"

तिने काच खाली केली. "गाडी चांगली आहे."

त्याने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग शेजारच्या सीटकडे.

"माझा नवरा वारला," ती म्हणाली. हे वाक्य तिने अजून कुणाला सांगितलं नव्हतं. गावात सगळ्यांना आधीच माहीत होतं.

त्याने टोपी काढली. "मी मागे थांबतो," तो म्हणाला. "तुम्ही निघालात की निघेन. घाई नाही मला."

ती म्हणाली, थांबायची गरज नाही. तो हो म्हणाला आणि तरी थांबला. तिने तोंड पुसलं, नाक शिंकरलं, बाटलीतलं पाणी प्यायली. डोळ्यांसमोरचं स्वच्छ व्हायला वेळ लागला. मग तिने इंजिन चालू केलं, मागे रस्ता मोकळा आहे ना ते बघितलं आणि गाडी डांबरावर घेतली. गावी पोचायला अजून अर्धा रस्ता बाकी होता.